परदेशी जाण्याआधी व्हिसा नीट समजून घ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रत्येक व्हिसात चार अटी असतात: कोणत्या तारखांच्या आत जायचं, किती दिवस राहायचं, किती वेळा आत यायचं आणि कशासाठी यायचं. या चार अटींची सरमिसळ झाली की विमानतळावर अडकायची वेळ येते. जिथे घोळ जास्त होतो तिथली उत्तरं मुद्दाम लांब दिली आहेत. नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचा ताजा नियम एकदा वाचाच.

व्हिसा हातात आला, म्हणजे प्रवेश पक्का ना?

नाही. व्हिसा असला की त्या देशाच्या सीमेवर जाऊन प्रवेश मागता येतो. आत सोडायचं की नाही, हे तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. कागदपत्रं एकूण तीनदा तपासली जातात: अर्ज करताना वकिलातीत, निघताना विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर आणि उतरल्यावर इमिग्रेशनला. मधल्या तपासणीचा विचार फारसा कुणी करत नाही, आणि बरेच प्रवासी अडतात ते तिथेच. योग्य कागद नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला त्याला परत आणावं लागतं आणि वर दंडही बसतो; युरोपात हा दंड एका प्रवाशामागे हजारो युरोंचा असतो. म्हणून काउंटरवरचे कर्मचारी आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या ‘टिमॅटिक’ प्रणालीत तुमचा पासपोर्ट, मार्ग आणि मुक्काम घालून नियम बघतात. तिथे नकार दिसला तर बोर्डिंग पास मिळत नाही, आणि तिथे वाद घालून काही निष्पन्न होत नाही.

व्हिसामाफी, ईटीए, ई-व्हिसा आणि व्हिसा ऑन अरायव्हल यांत फरक काय?

व्हिसामाफी असेल तर आधी अर्ज लागत नाही, पण मुक्कामाची मर्यादा असतेच. ईटीए ही व्हिसामाफी असलेल्यांसाठीची आगाऊ ऑनलाइन मंजुरी. कॅनडा आणि ब्रिटन तिला ईटीए म्हणतात, अमेरिका एस्टा. एस्टा साधारण २ वर्षं चालतं, पण एका वेळचा मुक्काम ९० दिवसांपर्यंतच. ई-व्हिसा हा पुरता व्हिसाच; अर्ज ऑनलाइन होतो आणि स्टिकरऐवजी पीडीएफ किंवा नुसती संगणकीय नोंद मिळते. ऑस्ट्रेलियाचे व्हिसे असेच, पासपोर्टवर काहीही न चिकटवता दिले जातात.

व्हिसा ऑन अरायव्हल ऐकायला सोपा वाटतो, पण त्याला बारीक अटी असतात. तो ठरावीक विमानतळांवरच मिळतो, जमिनीवरच्या नाक्यांवर बऱ्याचदा मिळत नाही. परतीचं तिकीट, फोटो, ठरावीक चलनातली रोख रक्कम आणि हॉटेलचा पत्ता हे सगळं रांगेत उभं राहण्याआधी हाताशी हवं. ई-व्हिसाचा पर्याय असेल तर तोच घ्या. अर्जात काही खोट निघाली तर ती घरी बसून दुरुस्त करता येते, पंधरा तासांच्या प्रवासानंतर नाही.

तुम्हाला यातलं काय लागू होतं ते मुख्यतः पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे यावर ठरतं, तुम्ही कुठे राहता यावर नाही. काही देश मात्र अमेरिका किंवा शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा) चालू व्हिसा असलेल्यांना सवलत देतात, तेही तपासा.

अरायव्हल कार्ड भरलं, आता व्हिसा लागणार नाही ना?

अरायव्हल कार्ड म्हणजे पोहोचण्याआधी भरायचा माहितीचा फॉर्म; ते वेगळं आणि व्हिसा वेगळा. सिंगापूरचं आणि १ मे २०२५ पासून थायलंडचंही अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते मोफत असतं आणि तो व्हिसा नव्हे. कार्ड भरण्याचे पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही हे ओळखा. शोधयंत्रात सर्वांत वर जाहिराती येतात, म्हणून दुवा त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या किंवा दूतावासाच्या पानावरूनच उघडा.

व्हिसाच्या स्टिकरवरच्या तारखा कशा वाचायच्या?

शेंगेनचा स्टिकर समोर ठेवा, कारण त्यावर सगळं वेगवेगळ्या रकान्यांत छापलेलं असतं. वर कोणत्या प्रदेशासाठी वैध ते असतं. मग ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा. त्यानंतर प्रकार: ‘ए’ म्हणजे फक्त विमानतळावरचं ट्रान्झिट, म्हणजे विमान बदलण्यापुरतं थांबणं, ‘सी’ म्हणजे अल्पमुदतीचा, ‘डी’ म्हणजे दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा. प्रवेशसंख्येच्या रकान्यात ‘०१’, ‘०२’ किंवा अनेक प्रवेशांसाठी ‘मल्ट’. आणि शेवटी मुक्कामाचे दिवस.

समजा, ‘१ जून पासून ३० जून पर्यंत, मुक्काम १५ दिवस, प्रवेश ०१’ असं छापलंय. ३ जूनला पोहोचलात तर १७ जूनपर्यंत राहता येईल, कारण उतरण्याचा आणि निघण्याचा दोन्ही दिवस मोजतात. २० जूनला पोहोचलात तर मात्र ११ दिवसच मिळतील. ३० तारखेला खिडकी बंद होते, उरलेले चार दिवस बुडाले. आणि मध्येच दोन दिवस लंडनला गेलात तर परत येता येणार नाही, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही आणि तुमचा एकमेव प्रवेश वापरून झालाय. तारखांची खिडकी मुक्कामापेक्षा मोठी दिसते, कारण प्रवास थोडा पुढे सरकला तर अडचण नको म्हणून वकिलाती सहसा १५ दिवस जादा धरतात. ते राहायचे दिवस नसतात.

अमेरिकेचा हिशेब उलटा आहे. तिथे व्हिसावरची शेवटची तारीख म्हणजे प्रवेश मागण्याची शेवटची तारीख. किती दिवस राहायचं ते उतरल्यावर अधिकारी ठरवतो आणि ते ‘आय-९४’ नोंदीत येतं. पर्यटकांना बहुधा सहा महिने मिळतात. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहण्याची मुभा नव्हे. उलट, तिथे असताना व्हिसा संपला तरी आय-९४ वरची तारीख पुढची असेल तर तुम्ही कायदेशीरच आहात. ही नोंद ऑनलाइन दिसते. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत बघून घ्या, चूक असेल तर ती तेव्हाच सुधारायला सोपी जाते. ब्रिटनचा २, ५ किंवा १० वर्षांचा पर्यटक व्हिसाही असाच: मुदत लांब, पण प्रत्येक भेट जास्तीत जास्त सहा महिन्यांची.

पासपोर्ट परत मिळाला की त्याच जागी उभं राहून नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, तारखा आणि प्रवेशसंख्या वाचा. पासपोर्ट क्रमांकात एक अंक चुकला तरी तो व्हिसा काउंटरवर चालत नाही.

शेंगेनचे ‘१८० दिवसांत ९० दिवस’ कसे मोजायचे?

सहा महिन्यांचे ठरावीक तुकडे पाडून नव्हे. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून, तो दिवस धरून १८० दिवस मोजायचे आणि त्यांत शेंगेनमध्ये काढलेले दिवस ९० च्या वर नकोत.

एक उदाहरण करून बघू, वर्ष लीप नाही असं धरून. १० जानेवारीला गेलात, १० मार्चला परतलात: २२, २८ आणि १० मिळून ६० दिवस. उरले ३०. पुन्हा १ जूनला गेलात तर ३० जूनला निघायलाच हवं. त्यानंतर १ ते ८ जुलै एकही दिवस शिल्लक नाही. ९ जुलैला जानेवारीचा पहिला दिवस हिशेबातून गळतो, १० जुलैला दुसरा, असे दिवस एकेक करून मोकळे होत जातात. एक दिवस बाहेर पडून परत आलं की मोजणी नव्याने सुरू होते, हा समज साफ चुकीचा आहे. युरोपीय आयोगाचा गणक ऑनलाइन आहे. त्यात तारखा घालून बघा.

हा हिशेब शेंगेनच्या सगळ्या २९ देशांना मिळून लागू होतो. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात असूनही शेंगेनमध्ये नाहीत, तिथले दिवस यात धरत नाहीत. रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून तिथे ‘दिवस वाचवायला’ जाऊ नका.

अनेक देश फिरायचे असतील तर अर्ज कुणाकडे?

शेंगेनमध्ये जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा पाऊल ठेवणार त्या देशाकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करायचा आणि हॉटेलं तिसरीकडची घ्यायची, हे अंगाशी येतं. कोणत्या देशात किती रात्री मुक्काम आहे, हे अधिकारी आधी मोजतो.

अर्ज किती आधी करावा?

शेंगेनसाठी प्रवासाआधी सहा महिन्यांपासून ते १५ दिवसांपर्यंत करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण तपासणी वाढली तर ४५ दिवसही लागू शकतात. आणि हे दिवस अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात. अपॉइंटमेंटची वाट पाहण्यात गेलेला काळ त्यात नाही. सुट्ट्यांच्या मोसमात खरी कोंडी होते ती अपॉइंटमेंटचीच. तीन महिने आधी कामाला लागणं शहाणपणाचं.

पासपोर्ट अजून चालू आहे, मग अडचण काय?

‘चालू’ पुरेसं नसतं. सिंगापूर, इंडोनेशियासारखे बरेच देश पोहोचल्यापासून पुढे सहा महिने मुदत मागतात. शेंगेनला परतीच्या तारखेनंतर तीन महिने मुदत, दोन कोरी पानं आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, या तिन्ही गोष्टी लागतात. फाटलेलं पान, सुटलेली शिवण, पाण्याने फुगलेलं फोटोचं पान यावरूनही प्रवाशाला परत पाठवतात.

नाव भरताना काय चुकतं?

आडनाव आणि दिलेलं नाव यांची अदलाबदल, आणि मधलं नाव गाळणं. फोटोच्या पानाच्या तळाशी ‘<’ खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. यंत्र त्याच वाचतं. तिथे ‘<<’ च्या आधी जे आहे ते आडनाव, नंतरचं सगळं दिलेलं नाव. अर्ज, तिकीट आणि विमा तिन्हींत अगदी तसंच लिहा. पासपोर्टवर एकच नाव असेल तर त्या देशाची सूचना आधी वाचा. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या अर्जात ते आडनावाच्या रकान्यात जातं आणि दिलेल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) लिहितात.

खात्यात किती पैसे दाखवावे लागतात?

एक जादूचा आकडा नसतो. शेंगेन देश दिवसाला किती रक्कम हवी याचे आपापले आकडे जाहीर करतात. ब्रिटन ठरावीक रक्कम सांगत नाही. अधिकारी बघतो तो मेळ: पगार किती, दरमहा उरतात किती, आणि या सहलीचा खर्च त्यात बसतो का. त्यामुळे अर्जाआधी आठवडाभर कुणाकडून तरी मोठी रक्कम खात्यात आणून ठेवणं हा सर्वांत वाईट उपाय. तीन ते सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ती उडी लगेच डोळ्यांत भरते. रक्कम खरोखर तुमची असेल, म्हणजे मुदत ठेव मोडली असेल किंवा काही विकलं असेल, तर त्याचा कागद सोबत जोडा आणि पत्रात एका ओळीत सांगा.

खर्च दुसरं कुणी करणार असेल तर नातं, त्याचं उत्पन्न आणि त्याचं सहीचं पत्र, तिन्ही लागतात. आणि इतर कागदही एकमेकांशी जुळू द्या. रजा दहा दिवसांची आणि प्रवासाचा आराखडा चौदा दिवसांचा, किंवा विमान एका शहरात उतरतंय आणि पहिल्या रात्रीचं हॉटेल भलत्याच शहरात, अशा विसंगती कमी पैशांपेक्षाही महाग पडतात.

व्हिसाआधी तिकीट काढावं का?

परत न मिळणाऱ्या पैशांचं तिकीट काढू नका. व्हिसा मिळेपर्यंत प्रवास पक्का ठरवू नका, असं अमेरिका स्वतःच सांगते. शेंगेनला आरक्षण दाखवावं लागतं. ते रद्द करता येण्याजोगं किंवा विमान कंपनीने ठरावीक वेळ धरून ठेवलेलं असलं तरी चालतं. बनावट आरक्षणाचे कागद विकणाऱ्यांपासून दूर राहा. आरक्षण क्रमांक तपासायला अधिकाऱ्याला दोन मिनिटं लागतात, आणि खोटा कागद दिला की मामला साध्या नकाराचा राहत नाही. फसवणुकीसाठी ब्रिटन दहा वर्षांची बंदी घालू शकतं. अमेरिकेत खोटी माहिती दिल्याचा ठपका जन्मभर चिकटतो.

विमा, फोटो, बोटांचे ठसे यांचं काय?

शेंगेनसाठी विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी लागू असलेला, मायदेशी परत आणण्याच्या खर्चासह. फोटो शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेला ५१ बाय ५१. दोन्हीकडे सहा महिन्यांच्या आतला, आणि अमेरिकेला चष्मा काढूनच. शेंगेनला दिलेले ठसे ५९ महिने वापरतात, कॅनडाचे १० वर्षं.

व्हीएफएससारख्या केंद्रात ओळख किंवा एजंट असला तर फायदा होतो का?

निर्णयात नाही. ही केंद्रं कागद गोळा करतात, ठसे घेतात आणि पासपोर्ट परत देतात, निर्णय वकिलातीचा. तिथल्या लाउंज, एसएमएस, कुरिअर अशा सेवा ऐच्छिक असतात. एजंटला अर्ज भरायला सांगितलात तरी सही करण्याआधी प्रत्येक रकाना स्वतः वाचा, कारण त्यातल्या चुकीला जबाबदार तुम्हीच. ‘व्हिसा हमखास’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

अमेरिकेच्या मुलाखतीत काय विचारतात?

मुलाखत बहुधा काही मिनिटांतच आटोपते. कायद्याच्या २१४(बी) कलमानुसार अर्जदार तिथेच राहायला चाललाय असं अधिकाऱ्याने गृहीत धरायचं असतं; तसं नाही हे दाखवणं तुमच्याकडे असतं. का जाताय, किती दिवस, खर्च कोण करणार, परत येऊन काय करणार, यांची छोटी आणि खरी उत्तरं द्या. पाठ केलेलं भाषण लगेच ओळखू येतं. जाड फाइल नेली तरी ती उघडली जाईलच असं नाही. अधिकाऱ्यासमोर तुमचा डीएस-१६०, म्हणजे ऑनलाइन भरलेला व्हिसा अर्ज असतो, म्हणून त्यात काय लिहिलंय ते आदल्या रात्री पुन्हा वाचा. ‘२२१(जी)’ ची चिठ्ठी मिळाली तर आणखी कागद किंवा आणखी तपासणी हवी असा अर्थ; मागितलेलं तेवढंच द्या.

नकार आला. आता?

शुल्क परत मिळत नाही. शेंगेनच्या नकारपत्रात ठरावीक कारणांपैकी लागू असलेल्यांवर खूण केलेली असते आणि अपील कुठे, किती दिवसांत करायचं तेही लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या २१४(बी) नकाराला अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो. त्याच कागदांचा तोच अर्ज लगेच परत टाकून सहसा तेच उत्तर येतं, म्हणून आधी कारण दूर करा: उत्पन्नाचा पुरावा अपुरा होता तर तो, प्रवासाचा हेतू धूसर होता तर त्याचे कागद.

पुढच्या प्रत्येक अर्जात ‘आधी कधी नकार मिळाला आहे का’ या प्रश्नाला खरं उत्तर द्या, दुसऱ्या देशाचा नकार असला तरी. देश आपसांत माहिती वाटून घेतात. जुना नकार समजावून सांगता येतो, लपवलेला नाही.

नुसतं विमान बदलायचंय, तरी व्हिसा?

मार्गावर अवलंबून आहे. अमेरिकेत ट्रान्झिटलाही इमिग्रेशन पार करावंच लागतं, म्हणून व्हिसा किंवा एस्टा हवंच. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर सामान घ्यायला बाहेर यावं लागतं, म्हणजे प्रवेश आला. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला उतरून तिथल्याच गॅटविकहून उडायचं असेल तरी तेच.

सर्वांत फसवा प्रकार शेंगेनमध्ये दोनदा विमान बदलण्याचा. बाहेरून फ्रँकफर्ट, तिथून माद्रिद आणि मग पुढे तिसऱ्या खंडात: यातलं फ्रँकफर्ट ते माद्रिद हे उड्डाण शेंगेनच्या आतलं आहे. फ्रँकफर्टलाच इमिग्रेशन होतं, आणि विमानतळापुरता ‘ए’ व्हिसा तिथे उपयोगाचा नाही, ‘सी’ लागतो. स्वस्त तिकीट दिसलं की पैसे भरण्याआधी मधली दोन्ही विमानतळं कुठली ते बघा.

जुन्या पासपोर्टातला व्हिसा नव्यावर चालतो का?

अमेरिकेचा चालतो; दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवा आणि स्टिकर काढायचा प्रयत्न करू नका. ऑस्ट्रेलियासारखे संगणकीय व्हिसे पासपोर्ट क्रमांकाला जोडलेले असतात, तो नवा क्रमांक कळवावा लागतो.

लहान मुलांसाठी वेगळं काय?

बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि गरज असेल तिथे स्वतःचा व्हिसा लागतो. आई किंवा वडील एकटेच मुलाला घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ असू द्या, शक्यतो नोटरी केलेलं, आणि जन्मदाखल्याची प्रत. काही देश दाखल्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) मागतात, त्याला वेळ लागतो.

पर्यटक व्हिसावर ऑफिसचं काम किंवा मीटिंग चालते का?

मीटिंग, परिषद, वाटाघाटी बऱ्याच देशांत चालतात, पण काहींना त्यासाठी वेगळा बिझनेस व्हिसा लागतो. तिथल्या कंपनीकडून पैसे घेऊन काम करणं सहसा चालत नाही. हॉटेलात बसून आपल्या देशातल्या ऑफिसचं काम करण्याबाबत नियम देशागणिक वेगळे आहेत. आठवडेच्या आठवडे तसं करायचं असेल तर पर्यटक व्हिसावर विसंबू नका.

ठरल्यापेक्षा जास्त राहावं लागलं तर?

मुदत संपण्याआधी हालचाल करा. संपल्यानंतर हातात फारसं उरत नाही. शेंगेनमध्ये मुदतवाढ आजारपण किंवा उड्डाणं बंद पडण्यासारख्या गंभीर कारणांसाठीच मिळते आणि ती तिथल्या स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात मागायची असते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर ‘८५०३’ ही अट असेल तर तिथे राहून पुढच्या बहुतेक व्हिसांचा अर्जच करता येत नाही, ती अट जाण्याआधीच वाचा. अमेरिकेत १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालात तर तीन वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं प्रवेशबंदी लागते. शेंगेनच्या सीमांवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून चेहरा आणि बोटांच्या ठशांसह येण्याजाण्याची संगणकीय नोंद सुरू झाली, त्यामुळे जास्तीचा एक दिवसही आपोआप दिसतो.

परदेशात पासपोर्टच हरवला तर व्हिसाचं काय?

आधी पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या, मग आपल्या देशाच्या दूतावासातून तात्पुरता प्रवासी दाखला. व्हिसा पासपोर्टाबरोबरच गेलेला असतो; तुम्ही मुदतीत आहात हे तिथल्या इमिग्रेशनला दाखवायला व्हिसाच्या पानाची आणि प्रवेशाच्या शिक्क्याची प्रत लागते. काही देशांत बाहेर पडण्यासाठी वेगळी परवानगीही घ्यावी लागते, म्हणून परतीचं विमान त्याच दिवशीचं धरू नका. या प्रती निघण्याआधीच काढा: एक फोनमध्ये, एक ईमेलवर आणि एक कागदावर, पासपोर्ट नसलेल्या बॅगेत.